राहिलेले दहा टक्के

टाकीचा मुकादम याही गुरुवारी कागदावर ‘नव्वद’ लिहूनच देणार, याबद्दल ऑफिसात कुणालाही शंका नव्हती. गेले सहा गुरुवार त्याने तेच लिहिलं होतं. साइटवरच्या लोकांनी त्याचं नावच नव्वदमामा पाडलं होतं, आणि फिटर तर त्याला लांबूनच हाक मारायचे, ‘‘काय मामा, आज एक्क्याण्णव का?’’ मामा नुसता हसायचा. साठीला टेकलेला, पाठीत किंचित वाकलेला माणूस. त्याला चिडायचाही कंटाळा आलेला असावा.

तो कागद ज्या बाईकडे जायचा, तिलाही लोकांनी सोडलं नव्हतं. ती टक्केबाई. नेमणुकीच्या पत्रात तिचं पद ‘प्रकल्प नियंत्रण’ असं भारदस्त लिहिलेलं होतं. नियंत्रण! ज्याने कुणी तो शब्द शोधून काढला, त्याला एकदा या साइटवर आणून उभं करायला हवं होतं. सिमेंट वेळेवर येणं तिच्या हातात नव्हतं, माणसं कामावर येणं तिच्या हातात नव्हतं, पाऊस तर नव्हताच नव्हता. तिच्या हातात एवढंच होतं की दर आठवड्याला सगळ्यांच्या मागे लागून किती झालं ते विचारायचं, आलेले आकडे कॉम्प्युटरात घालायचे, आणि काम ठरल्या तारखेला होणार नसेल तर ते सगळ्यांच्या आधी ओळखून साहेबांच्या कानावर घालायचं. ती स्वतः एकही वीट लावत नसे, पण कुठली वीट लागायची राहिली हे तिला बरोबर ठाऊक असे. त्यामुळे ती कुणाला फारशी आवडत नसे. बावीस वर्षं हेच करून तिला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

काम पाण्याचं होतं. टेकडीवर वीस लाख लिटरची नवी टाकी, पायथ्याशी नवं पंपघर आणि दोन्ही जोडणारी जाड नळांची लाइन. जुनं पंपघर रस्त्याच्या रुंदीकरणात जाणार होतं. सोमवारी पालिकेची माणसं ते तोडायला येणार होती, आणि तीस तारखेला नवं पंपघर सुरू व्हायचं होतं. मधले दिवस टेकडीवरच्या वस्तीला टँकरने पाणी द्यायचं ठरलं होतं.

या सगळ्याचे तिने एक हजार एकशे चाळीस तुकडे पाडले होते. प्रत्येक तुकड्याची एक पट्टी, आणि पट्ट्यापट्ट्यांमध्ये बाण: हे झाल्याशिवाय ते नाही. खोदल्याशिवाय पाया नाही, पायाशिवाय भिंत नाही. पत्र्याच्या ऑफिसात तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर हा सगळा पसारा तीन मोठे कागद जोडून चिकटवलेला होता. पंख्याच्या वाऱ्याने त्याचा एक कोपरा दिवसभर फडफडायचा. ‘‘आमच्याकडे बाण मारायचं खातं या मॅडमकडे,’’ असं साहेब पाहुण्यांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

त्या गुरुवारी साहेब हसत नव्हते. ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि तिचा पेपरवेट उचलून त्याच्याशी चाळा करत राहिले.

‘‘मॅडम, उद्याच्या मीटिंगसाठी टाकीचा आलेख वेगळा काढा. चांगला मोठा. मोठे साहेब येतायत.’’

‘‘फक्त टाकीचा?’’

‘‘सात आठवडे रेघ आडवी आहे ना? ती त्यांना नीट दिसू दे. मग मी मुकादमाला पत्र देणार आहे. टाइप करून तयार आहे.’’

‘‘काढणार त्यांना?’’

‘‘नाही, हार घालणार!’’ साहेबांनी पेपरवेट ठेवला. ‘‘दुसरी टोळी लावून ते दहा टक्के उरकून घेऊ. तीस तारीख चुकली तर पालिका माझ्या डोक्यावर बसेल. तुमची बदलीही लटकेल, ते वेगळंच.’’

ते शेवटचं वाक्य साहेबांनी सहज टाकलं होतं, पण लागायचं तिथे लागलं. तीन वर्षं ती या गावात भाड्याच्या एका खोलीत राहत होती. काम संपलं की घरच्या गावी बदली, असं कंपनीने कबूल केलं होतं. घरी वडील एकटेच होते. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. नजर अशी की पट्टी न लावता एका सुताचा फरक सांगायचे. त्या नजरेवर आता मोतीबिंदू चढला होता. ऑपरेशननंतर आठ दिवस डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला घरात कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे तीच. तिच्यापायी ऑपरेशन चारदा पुढे गेलं होतं. आताची तारीख पुढच्या महिन्याची पाच. तीसला सुटायचं, दोनला घरी पोचायचं, पाचला ऑपरेशन. या खेपेला नक्की, असा तिने बाबांना शब्द दिला होता. आधीच्या चार खेपांनाही शब्दच दिला होता म्हणा.

‘‘झालंच बाबा आता, थोडंच राहिलंय,’’ हे तिचं फोनवरचं ठरलेलं वाक्य होतं.

‘‘थोडं म्हणजे किती? एक सूत की दोन सूत?’’ ते पूर्वी विचारायचे, आणि ती हसून वेळ मारून न्यायची. पाच तारीख तिने सांगितली तेव्हा मात्र ते नुसतंच ‘बरं’ म्हणाले होते.

दुपारी तीनच्या सुमाराला मामाचा कागद आला. नव्वद. तिने आकडा घातला आणि आलेख काढला. दोन वर्षं जिन्यासारखी वर चढत आलेली रेघ शेवटी सपाट झाली होती, आणि सात आठवडे तशीच आडवी पडून होती. आलेख झकास आला होता. नोकरी घालवायला एवढा पुरे होता.

तिने टेबलाखालचे जाड बूट काढले आणि टेकडीचा रस्ता धरला. माणुसकी दाटून आली म्हणून ती गेली, असं म्हणायला छान वाटेल, पण तसं नव्हतं. मोठे साहेब मीटिंगमध्ये ‘तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंत का?’ असं हमखास विचारायचे. चढण उभी होती, तिचे गुडघे बोलत होते, आणि सात आठवडे ती वर फिरकली नव्हती ती याच गुडघ्यांमुळे. आकडा कागदावर येतोय तर कशाला जायचं?

वर टाकी शांत उभी होती. परांच्या उतरलेल्या, आजूबाजूची फळकुटंसुद्धा उचलून नीट रचून ठेवलेली. मामा टाकीच्या सावलीत एका उपड्या पाटीवर बसला होता. तिला पाहून तो उठायला लागला.

‘‘बसा हो मामा. मला आत बघायचंय.’’

त्याने शिडी धरली. ती वर चढली आणि झाकणाच्या चौकोनातून आत वाकली. आत गार अंधार होता, ओल्या सिमेंटचा वास होता, आणि मामाने दिलेल्या बॅटरीच्या उजेडात भिंती गुळगुळीत दिसत होत्या. तळ झाडून, पुसून लख्ख. ती तिथेच थोडा वेळ ओणवी राहिली. करायचं राहिलेलं असं काही तिला दिसेना.

खाली उतरून तिने विचारलं, ‘‘मामा, हे तर झालंय.’’

‘‘झालंय की.’’

‘‘मग शंभर का लिहीत नाही?’’

‘‘पाणी कुठंय?’’ मामा म्हणाला.

मामाने घसा साफ केला. त्याला फार बोलायची सवय नव्हती.

‘‘बाई, भिंती म्हणजे काही टाकी नव्हे. पाणी धरलं तर टाकी, नाहीतर नुसतं मोठं खोकं. तीन दिवस भरायला लागतात. मग तीन दिवस काँक्रीट स्वतःच पितं, ते पिऊ द्यायचं. मग भिंतीवर खूण करायची आणि सात दिवस बघायचं, पाणी उतरतंय का. नाही उतरलं तर शंभर. एकदा मी न बघता शंभर लिहिलं होतं. तरुण होतो. तळातून गळली, खालच्या तीन घरांत पाणी शिरलं. तेव्हापासून हात धजत नाही.’’

‘‘अहो, मग बोलायचं नाही का?’’

‘‘बोललो की. साहेबांना म्हटलं, पाणी कधी देता? ते म्हणाले, आधी शंभर करा, मग देऊ पाणी.’’ मामा हसला. ‘‘आता यावर काय बोलणार?’’

‘‘मला सांगायचं होतंत.’’

मामाने शर्टाच्या खिशातून तिच्याच कागदांची चौघडी काढून उलगडली. दर गुरुवारचा कोरा नमुना. कामाचं नाव आणि पुढे एक चौकोन.

‘‘कुठे सांगू? पूर्वी इथे शेऱ्याचा रकाना असायचा. त्यात मी लिहायचो. आता चौकोन तेवढा राहिलाय. त्यात नव्वद मावतं, बाकीचं मावत नाही.’’

शेऱ्याचा रकाना तिनेच काढला होता. लोक त्यात सबबींचे पाढे लिहायचे: गाडी आली नाही, मिस्त्री आजारी पडला, खिळे संपले. वाचून वाचून तिच्या नाकी नऊ यायचे, आणि कॉम्प्युटरला तर आकडा सोडून काहीच कळत नव्हतं. रकाना काढला तेव्हा तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

‘‘आणि खरं सांगू का,’’ मामा कागदाची पुन्हा घडी घालत म्हणाला, ‘‘तुम्ही सगळे विचारता, किती झालं. नव्वद झालं. उरलेले दहा कसले, हे काही कुणी विचारलं नाही.’’

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणून ते तिला जास्तच झोंबलं.

‘‘पाणी कुठून घेणार होतात?’’ तिने विचारलं.

मामाने हनुवटीने खाली दाखवलं. पायथ्याशी जुनं पंपघर धडधडत होतं. ‘‘तिथून. दुसरं आहेच काय? नवे पंप टाकी पास झाल्याशिवाय चालवता येत नाहीत. जुन्याची लाइन अजून वर येते, पंधरा मिनिटांत जोडून देतो.’’

‘‘मामा, ते सोमवारी तोडतायत.’’

‘‘कुठल्या सोमवारी?’’

‘‘या.’’

मामाने पुन्हा खाली पंपघराकडे पाहिलं. ‘‘आम्हाला कोण सांगतंय,’’ तो म्हणाला. ‘‘मी धरून चाललो होतो की टाकी भरल्यावरच तोडतील. कुणीही तसंच करेल ना?’’

कुणीही तसंच केलं असतं. टेकडी उतरताना तिला एवढंच कळत होतं की त्या कुणीहीमध्ये ती नव्हती.

ऑफिसात येऊन तिने बूटसुद्धा न काढता कॉम्प्युटरवर पट्ट्याबाणांचा तो पट उघडला. टाकीच्या पट्ट्या, पंपांच्या पट्ट्या, आणि अगदी शेवटी, तीस तारखेच्या जरा आधी, ‘टाकीत पाणी भरून चाचणी – दोन दिवस’. दोन दिवस! आणि त्या पट्टीच्या मागे बाणच नव्हता. पट्टी आपली अधांतरी पडली होती. तिला सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वीची शनिवारची दुपार, जेवण राहिलेलं, पट संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. पंप सुरू करायला तपासलेली टाकी हवी, टाकी तपासायला पाणी हवं, पाण्याला पंप हवेत. तिने तसे बाण मारले आणि कॉम्प्युटर अडून बसला. हे गोल फिरतंय, म्हणाला, मी हिशोब करणार नाही. तासभर तिने डोकं चालवलं. मग कंटाळून एक बाण पुसला, चाचणीला मनाने दोन दिवस लावले आणि स्वतःशी म्हणाली, नंतर बघू. कॉम्प्युटर गप्प झाला. ते नंतर काही आलं नाही. गोल सोडवायला लागत होतं एक जुनं पंपघर, जे खिडकीतून समोर दिसत होतं, पण पटात त्याची एकच पट्टी होती: तोडणे.

हजार लोकांची चूक ती एका नजरेत पकडायची. ही मात्र तीन वर्षं तिच्या पाठीमागच्या भिंतीवर फडफडत होती.

आता पुढचं कबूल करायला हवं. तिच्या मनात लगेच एक वाक्य तयार झालं, आणि ते इतकं गुळगुळीत होतं की जणू कुणी आधीच लिहून ठेवलं असावं: ‘मुकादमाने पाण्याची गरज वेळेवर कळवली नाही.’ खोटं म्हणावं तर त्यात काही खोटं नव्हतं. कागदावर त्याने खरंच कळवलं नव्हतं. तेवढं वाक्य टाकलं की जुनं पंपघर वाचत होतं, चाचणी होत होती, उशिराचं खापर मामाच्या डोक्यावर फुटत होतं. तसंही त्याचं पत्र टाइप झालेलंच होतं, आणि तो चार महिन्यांनी निवृत्त होणारच होता. तिची बदली ठरल्या दिवशी झाली असती, कारण बाण कुणी पुसला हे भिंतीवर शोधायला या ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. बाबांचा डोळा पाच तारखेला झाला असता.

तिने ते वाक्य टाइपही केलं. मग बराच वेळ ती त्याच्याकडे बघत बसली. खोटं बोलायची तिला भीती नव्हती. ती थकली होती, आणि थकलेल्या माणसाला कुठलंही वाक्य चालतं. पण तिला दिसत होता तो टाकीचा पुसलेला तळ. गेले सात आठवडे ज्याला काहीच काम नव्हतं तो माणूस रोज वर जाऊन तळ झाडत होता, पाणी येईल म्हणून. तिने वाक्य पुसलं आणि ऑफिस बंद केलं.

शुक्रवारी मीटिंगमध्ये साहेबांनी दिवे मालवून तिचा आलेख भिंतीवर लावला. मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले होते. मामाला दाराजवळच्या बाकावर बसवलं होतं. धुतलेला शर्ट घालून आला होता तो.

‘‘ही बघा सर,’’ साहेब म्हणाले, ‘‘सात आठवडे. रेघ जागची हललेली नाही.’’

‘‘तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंत का, मॅडम?’’ मोठ्या साहेबांनी ठरल्याप्रमाणे विचारलं.

‘‘काल पाहिलं सर. सात आठवड्यांत पहिल्यांदा,’’ ती म्हणाली. ‘‘टाकी झालेली आहे. राहिलंय ते पाणी भरून बघायचं. त्याला तेरा दिवस लागतात. पटात दोन आहेत. पाणी जुन्या पंपघरातूनच मिळू शकतं आणि ते आपण सोमवारी तोडतोय.’’



‘‘मग हे पटात का नाही?’’ मोठे साहेब सरळ बसले. ‘‘पट कुणी केला?’’

‘‘मी. एक बाण तिथे होता, तो मी पुसला. तीन वर्षांपूर्वी. नंतर बघणार होते, बघितलं नाही.’’ तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण तो रोजच्यासारखाच कोरडा आला. ‘‘मुकादम नव्वद लिहीत होते ते बरोबर होतं. उरलेले दहा कसले, हे मी विचारलं नाही. लिहायला त्यांच्या कागदावर जागा होती, तीही मीच काढली.’’

‘‘टँकरने भरता येणार नाही?’’ साहेबांनी घाईघाईने विचारलं.

‘‘दोनशे टँकर लागतील. त्या रस्त्याने दिवसाला बारा चढतात.’’ हे मात्र तिने रात्रीतच मांडून ठेवलं होतं.

मग जे व्हायचं ते झालं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, मग परत आलं आणि ते तिच्यावर घसरले. आज सांगताय? सोमवारी मशिनं येणार आणि आज सांगताय? ती ऐकून घेत राहिली. आपल्याला आता बोलायचं काही उरलं नाही, याचं तिला बरंच वाटत होतं. मोठ्या साहेबांनी तिथूनच पालिकेत फोन लावला, तीनदा ‘हो’ आणि पाच वेळा ‘समजू शकतो’ म्हणाले, आणि पंधरा दिवस मागून घेतले. फोन ठेवून ते तिच्याकडे वळले. वरच्या ऑफिसातून एक माणूस येईल आणि तिचे सगळे बाण एकेक करून तपासेल. काम संपेपर्यंत तिची बदली नाही. संपल्यावर काय, ते तेव्हा बघू.

साहेबांनी मामाचं पत्र फाडलं नाही. घडी घालून वरच्या खिशात ठेवलं, न जाणो उपयोगाला येईल. मामा दारातून बाहेर पडताना तिच्यापाशी थांबला आणि ‘‘उद्या लाइन जोडतो’’ एवढंच म्हणून गेला.

रविवारी बाबांचा फोन आला. टाकीत पाणी पडायला लागलं होतं. पाच तारीख चुकणार हे ती त्यांना सांगणार होती, पण ते पलीकडून नळवाल्याचा काहीतरी किस्सा सांगत होते, छान हसत होते. तिने विचार केला, खूण टिकली की नवी तारीखच सांगू, एकदम. बाई शहाणी होती, पण सवय गेली नव्हती.

तीन दिवसांनी टाकी भरली. तीन दिवस काँक्रीट पाणी प्यायलं. मग मामाने शिडीवर चढून आतल्या भिंतीवर लाल रंगाची रेघ मारली, आणि दोघंही रोज सकाळी वर जाऊन ती बघू लागले. गुडघे रोज बोलायचे. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली गेल्यासारखं तिला वाटलं आणि तिने मामाला दाखवलं. मामाने पट्टी लावली आणि म्हणाला, ‘‘ऊन आहे, एवढं उडायचंच.’’ मधला रविवारही असाच गेला. बाबांनी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. आठव्या सकाळी पाणी जवळजवळ रेघेलाच टेकून होतं. महिन्याची एक तारीख होती. ती उद्या घरी पोचणार होती, असं अजूनही घरी ठरलेलं होतं.

मामाने त्या आठवड्याचा कागद तिथेच पाटीवर बसून भरला. तिने नमुना बदलला होता. चौकोनाच्या शेजारी शेऱ्याचा रकाना परत आला होता. मामाने नव्याण्णव लिहिलं.

‘‘एक कसला?’’ तिने विचारलं.

‘‘झाकणाला कुलूप नाही,’’ तो म्हणाला, आणि रकान्यात ‘कुलूप’ असं ठळक लिहून त्याखाली आनंदाने एक रेघ ओढली.

ती टेकडी उतरता उतरता एका दगडावर बसली आणि तिने घरी फोन लावला.

‘‘बाबा, मी उद्या येत नाहीये.’’

‘‘बरं.’’

‘‘बरं काय? कामात माझीच चूक निघाली. अजून काही दिवस सुटका नाही. तुमची पाच तारीख...’’

‘‘ते झालं गं.’’

‘‘काय झालं?’’

‘‘डोळा. मागच्या महिन्यातच करून घेतला. आपल्या वरच्या मजल्यावरची नर्स आहे ना, तिने आठ दिवस थेंब घातले. झकास दिसतंय. समोरच्या भिंतीचा पोपडा सुटलाय, तोही दिसतो.’’

खाली जुनं पंपघर धडधडत होतं.

‘‘मला सांगितलं का नाही?’’

‘‘तुझ्या तारखा मी कॅलेंडरवर लिहीत होतो,’’ बाबा म्हणाले. ‘‘चार लिहिल्या, चार खोडल्या. पाचवी तू सांगितलीस तेव्हा पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. म्हटलं, पोरीच्या डोक्यावर आधीच एवढ्या तारखा आहेत, त्यात माझी कशाला?’’

रागावून बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. गेले कितीतरी रविवार त्यांनी ‘कधी येतेस’ विचारलंच नव्हतं. तारीख तीच आपणहून सांगत होती आणि ते ‘बरं’ म्हणत होते. तिच्या घरची रेघही आडवी झाली होती, आणि तिला पत्ता नव्हता. तिने ओढणीने डोळे पुसले.

‘‘ऐकतेस ना? आता कधी येतेस ते सांगू नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘काय राहिलंय ते सांग.’’

‘‘पंप सरळ रेषेत बसवायचे, दोन दिवस,’’ ती म्हणाली. आकडे तिला सवयीने येत गेले. ‘‘मग पाच दिवस चालवून बघायचे. त्यातला एक नुसता हाताने फिरवला तरी आवाज करतोय. बेअरिंग गेलंय म्हणतात. मिळालं तर दोन दिवस, नाही मिळालं तर मला माहीत नाही. मग कागदपत्रं. आणि वरून एक माणूस आलाय, तो माझे बाण तपासतोय. सहाशेपर्यंत पोचलाय. ते झाल्यावर मला घरी पाठवतील की आणखी कुठे, तेही माहीत नाही.’’

बाबा एकेकाला ‘हं’ म्हणत होते.

‘‘बेअरिंग कितवं?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘नंबर असतो त्याच्यावर, कडेला कोरलेला. मला नंबर सांग. इथे बाजारात एक जुना दुकानदार आहे माझ्या ओळखीचा, त्याच्याकडे सगळं असतं. मी जाऊन बघतो. आता दिसतंय ना मला.’’

‘‘विचारून सांगते बाबा.’’

‘‘सांग. मी बसलोय इथेच.’’

तिने फोन खिशात टाकला, गुडघ्यांवर हात टेकून उठली, आणि ऑफिसकडे न वळता नंबर बघायला नव्या पंपघराकडे गेली.